मॅडमचा ड्रम

माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांइतका जमिनीकडे बघत जगणारा माणूस आमच्या नात्यागोत्यात दुसरा नाही. माणसं ते चेहऱ्यावरून कमी आणि पायांवरून जास्त ओळखतात. माजरीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भद्रावतीच्या टोकाला घर बांधलं, तेव्हा रंग, खिडक्या, देवघर सगळं ताईवर सोपवलं. फरशी मात्र स्वतः निवडली. पांढरीशुभ्र, कण पडला तरी दिसला पाहिजे अशी. मी गेले की 'या बाई' म्हणण्याआधी 'बाई, पाय झटका' म्हणतात. एकदा व्याही आले, तर त्यांनाही दारात थांबवून दोनदा पाय पुसायला लावले आणि मग इतक्या प्रेमानं चहा पाजला की व्याह्यांना रागवायचं सुचलं नाही.

अशा माणसाच्या घरात ताईनं मांजरीचं पिल्लू आणलं. कंपाउंडजवळ सापडलेलं, मुठीएवढं. भाऊजींनी आठ दिवस त्या पिल्लाकडे बघितलं नाही. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "नाव कायले पाहिजे? मॅडमच हाय ते. नुसती बसून राह्यते." तेव्हापासून ती मॅडम. तिला बाहेर सोडायची सोय नव्हती. घरामागे झुडपं, आणि नुकतंच बिबट्यानं शेजारचं कुत्रं उचललं होतं. म्हणून मागच्या खोलीत एक पसरट घमेलं ठेवलं आणि त्यात मांजरांसाठी दुकानात मिळणारी माती. मॅडम तिथे मन लावून उकरायची आणि पायाला चिकटलेली माती घरभर वाटत फिरायची. गादीवर, सोफ्यावर, एकदा तर थेट देवाच्या पाटावर. मागोमाग भाऊजी झाडू घेऊन. "अवो मॅडम, पाय झटका!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

हसण्यावारी चाललं होतं, तोवर ताईचा खोकला वाढला. त्या मातीचा बारीक धुरळा तिच्या छातीत बसत होता. बोलता बोलता तिला धाप लागू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, एक तर धूळ बंद करा, नाहीतर मांजर. पुण्याहून ताईच्या मुलानं फोनवरच निकाल दिला, मांजर देऊन टाका, आणि वरोऱ्याच्या एक ओळखीच्या बाई मांजर न्यायला तयार झाल्या. ताई उठली. मॅडमची वाटी घासून पुसून पिशवीत ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी तिथेच होते. बाईंनी मॅडमला उचललं, आणि भाऊजी दारात आडवे उभे राहिले.

"पंधरा दिवस द्या मले," ते म्हणाले. "धूळ मी पाह्यतो."

ते पंधरा दिवस आमच्या घराण्यात अजून सांगितले जातात. ताईला पुढच्या खोलीत ठेवून, स्वतः तोंडाला रुमाल बांधून भाऊजी मागच्या खोलीत शिरले. आधी नदीची वाळू आणली. ती दुसऱ्या दिवशी वरणात लागली. मग धानाचा कोंडा; पंखा लावताच खोलीचं खळं झालं. लाकडाचा भुसा मॅडमच्या ओल्या पायांना असा बसला की ती भजं होण्याच्या तयारीत दिसत होती. शेवटी एका कारखान्यातल्या जुन्या मित्रानं भट्टीत जाळायच्या भुशाच्या कांड्या पोतंभर आणून दिल्या. दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. ना उडत, ना चिकटत. ओल्या झाल्या की विरघळून खाली बसत. मग भाऊजींनी निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून घेतला, त्यात त्या कांड्या भरल्या, झाकणाला वरून भोक पाडलं आणि झाकणावर बारदाना बांधला. मॅडम वरून आत उतरायची, वर चढून बारदान्यावर यायची आणि पायाचं सगळं तिथेच सांडायचं. फक्त पहिले तीन दिवस ती उतरायलाच तयार नव्हती. भाऊजी स्टुलावर बसून तिची समजूत घालत होते, "उतरा मॅडम, भ्याचं काम नाई. मी हावो ना इथी."

महिन्याभरात ताईची धाप थांबली. डॉक्टरांनी छाती तपासली, मान डोलावली आणि मांजराचं नावही काढलं नाही.

एका दुपारी भाऊजी बारदाना झटकत होते, तेव्हा मी विचारलं, "काऊन भाऊजी, तुम्हाले तर मांजर आवडत नव्हतं?"

त्यांनी बारदाना पुन्हा झाकणावर बांधला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तीस वर्षं मी कोळशानं भरून घरी येत होतो, बाई. चादरी काळ्या, भिंती काळ्या. तुमच्या बहिणीनं एक दिवस म्हटलं नाई, का याले बाहेर ठेवा."

यंदा मोहाची फुलं गळायच्या दिवसांत ताईनं माहेरी, धानोऱ्याला जायचं काढलं. खोकल्यापायी दोन वर्षं तिनं गाव पाहिलं नव्हतं. मॅडमसाठी मी येऊन राहिले आणि ती दोघं बसनं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊजींचा फोन आला. मला वाटलं, ड्रमची चौकशी असणार.

"झाडाखाली बसून फुलं वेचून राह्यली तुमची ताई," ते म्हणाले. "पहाटपासून. एकदाही खोकली नाई."

ते फोन ठेवायचं विसरले. मीही ठेवला नाही. पलीकडे, जराशी लांबून, ताई कुणाशी तरी मोठ्यानं हसत होती.