बाल्कनीतला बॅटरीवाला

आमच्या नाशिकच्या एका जुन्या थिएटरातल्या बॅटरीवाल्याचा उजेड एवढा, की देवळालीच्या तोफखान्यानं उसना मागावा. पिक्चर बंद पडून तिथं रॉकचे शो सुरू झाले, तरी हा बाल्कनीत हजर. सातपूरच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आम्ही तिथं नाचायला जायचो. हा आमच्या पायांवर बॅटरी मारायचा. "दादा, बसून घ्या. खालचा खांब दमलाय."

"काका, खांब नाही, तुम्ही दमलाय," मी म्हणायचो. सगळे हसायचे. तो पुढच्या पायांकडे वळायचा.

शेवटी मीच आयोजकांकडे तक्रार केली. त्याचं काम गेलं.

थिएटर पाडायला घेतलं त्या दुपारी बघ्यांत तो माझ्याच शेजारी उभा. मी सगळ्यांना ऐकवत होतो, "या बाल्कनीवर मी हत्तीसारखा नाचलोय. पाडायला महिना लागेल."

पोकलेनचा पंजा खांबाला नुसता टेकला आणि अख्खी बाल्कनी खाली आली.

धूळ बसल्यावर त्यानं भर उन्हात बॅटरी लावली आणि ढिगाऱ्यातल्या एका चेपलेल्या खुर्चीवर धरली.

"तुमची रांग, दादा," तो म्हणाला. बराच वेळ त्यानं उजेड हलवला नाही.