सासूबाईंची वाघाटी

"या वेळी तरी नीट बघून आणा!" निघताना बायकोनं दारातच बजावलं. सोलापूरच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं, पण मला बोलायला तोंडच नव्हतं. आमच्या सासूबाई आषाढी बारशीला (द्वादशीला) वाघाटीच्या रानफळांच्या भाजीनंच उपास सोडतात. गेल्या वर्षी मी मोठ्या रुबाबात वाघाटी म्हणून जे आणलं, ती निघाली रानतोंडली. कडूजहर! पंचाऐंशीच्या बाईंनी घास कसाबसा गिळला, भाजी बाजूला सारली आणि एवढंच विचारलं, "जावईबापू, तुम्ही शिकवलेल्या पोरांचं कसं हो झालं असेल?" तेव्हापासून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर हा किस्सा मिळतो.

म्हणून यंदा दशमीलाच भिंग, वही आणि मोबाइलमध्ये झाडं ओळखणारं ॲप घेऊन सांगोल्याच्या एसटीत बसलो. मंगळवेढ्याला गरम भजी खाल्ली. पुढे पांढरी कापडं पांघरलेल्या डाळिंबाच्या बागा लागल्या आणि एका फाट्यावर मी उतरलो.

"हितं कुणाकडं, सर?" कंडक्टरनं विचारलं.

"वेलाकडे," मी म्हणालो. त्यानं गुमान बेल मारली.

माळावर तासभर ऊन खाल्लं. ॲपला रेंज नव्हती. तेवढ्यात शेरडं (शेळ्या) राखणारी एक बाई काठी टेकत आली. कोंडाबाई तिचं नाव.

"काय हरवलं का, पाव्हणं?"

"वाघाटी शोधतोय, ताई."

"आन् माळावर? आवं, तिला चढाया झाड लागतंय. वड्याकडं चला की."

ओढ्याच्या काठाला बोरी-बाभळींची दाट जाळी होती आणि तिच्या डोक्यावर चढून बसलेली वाघाटी! लांब देठांना लिंबाएवढी हिरवी फळं लोंबत होती. मी भिंग काढून पानाच्या शिरा बघू लागलो.

"पान काय बघताय? आत हात घाला, मंग कळंल."

घातला. अयाया! जोडीजोडीनं बसलेले, वाघनखांसारखे आकडेबाज काटे बाहीत रुतले. हात मागे ओढावा तसे आणखीच आत. कोंडाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"मागं वडू नका, फुडं सरका, मंग सुटतंय!"

खरंच सुटलं. वाघाटी हे नाव का पडलं, ते मला वयाच्या साठीत कळलं. फळं मोजली, सातच होती.

"ही माझ्या बारशीची हायत," ती म्हणाली. "शेरडांपासनं राखल्यात."

माझं तोंड उतरलं. मग मी तिला रानतोंडलीची सगळी कथा सांगितली. ती पुन्हा हसली आणि एकदम थांबली.

"म्हातारीला वर्सातनं येकदाची भाजी मिळाली न्हाय व्हय?"

तिनं सराईतपणे फळं तोडली. चार माझ्या रुमालात, तीन तिच्या पदराच्या ओटीत. "आमी दोगंच हाव. तीन लई झाली."

घरी पोचलो तर सासूबाई दारातच बसलेल्या. रुमाल पुढे केला. त्यांनी फळांकडे बघितलंसुद्धा नाही.

"हात दाखवा."

मनगटापासून कोपरापर्यंतचे ओरखडे त्यांनी चष्मा लावून तपासले. "खरी आहे," म्हणाल्या आणि खोबरेल मागवून स्वतःच माझ्या हाताला लावत बसल्या. मी त्यांना कोंडाबाईची सगळी हकिकत सांगितली. भिंग बॅगेतच राहिलं.

बारशीला त्यांनी भाजीचा पहिला घास पानाच्या कडेला काढून ठेवला. "हा कोंडाबाईचा." दुसरा तोंडात घातला, डोळे मिटून सावकाश चावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झालात पास, जावईबापू."