आप्पांच्या दुकानातला माठ

बीडच्या आमच्या वाड्याच्या तोंडाला दोन दुकानं निघाली, तेव्हा माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. वाडा भर रस्त्यावर होता, पण त्या रस्त्यावर माझं पाऊल एकदाही पडलं नव्हतं. निजामाच्या राज्यात आमच्यासारख्या घरांतून गोषा कडक पाळायचे. मला रस्ता ठाऊक होता तो माडीवरच्या हातभर रुंद खिडकीतून. कोणाचा बैल लंगडतो, कोण रोज त्याच दगडाला ठेचकाळतो, तहसील कचेरीतला कोणता कारकून उशिरा जातो, सगळं मला माहीत. घरातल्या पुरुषांना वाटे, दुपारची बाई वर निजलीय.

खिडकी माझ्या जिवाची होती ती मात्र वेगळ्याच कारणानं. माझं माहेर दिंद्रुडचं. लग्नानंतर चौथ्या वर्षी धाकट्या दिरांच्या लग्नात मानाचे फेटे बांधताना एका दूरच्या पाहुण्याला आधी फेटा बांधला आणि माझे वडील मागे राहिले. चूक आमच्या घरची होती. पण माझे यजमान, ज्यांना सगळे मालक म्हणत आणि मीही तसंच म्हणे, चूक कबूल करतील तर शपथ! वडील भरल्या ताटावरून उठले आणि चौकात उभे राहून म्हणाले, "आजपासून ह्या उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाई. ह्या घरचं पानी पिणार न्हाई." दोघेही एका माळेचे मणी. फेटे त्यांच्या डोक्यांवर आणि ओझं माझ्या. माझं माहेरी जाणं बंद झालं.

वडील दरसाल नारायणगडाच्या यात्रेला बैलगाडीनं जात. बीडमधून गडाकडे जायला दुसरेही रस्ते होते. गाडी मात्र आमच्याच दारावरून जाई. घुंगरांचा आवाज मला गल्लीच्या तोंडापासून ओळखू येई. खिडकीखाली आले की बैल सावकाश होत, वडील मान वर करून बघत आणि मी खिडकीच्या जाळीतून दोन बोटं बाहेर काढी. बस, एवढंच. त्यानंतर वर्षभर मी कोणावर चिडत नसे, म्हणजे निदान माझ्या मानानं कमी चिडत असे.

मालक एकदा हैदराबादला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात दुकानं शिरली. मोठ्या दरवाजाच्या दोन्ही अंगांना ओटे होते, पूर्वी तिथे राखणदार बसत. त्या ओट्यांच्या पुढची भिंत फोडायची, घडीच्या फळ्या बसवायच्या, वर रस्त्यावर पुढे येणारा पत्रा टाकायचा. दगडी भिंतीवर पहार पडली की माडीतली भांडी थरथरत. नक्षीचे दोन खांब तेवढे मिस्त्रीनं शाबूत ठेवले, त्यांना निळा रंग दिला आणि वाडा एकदम परका दिसायला लागला.

एका संध्याकाळी मालक स्वतः वर आले. म्हणाले, "पत्रा उंच, तुज्या खिडकीला लागूनच टाकावा, असं मिस्त्री म्हणतो. दुकानात उजेड लई येईल. तुला काय अडचन?"

त्यांनी विचारलं होतं, हे मला आजही खोटं सांगता येत नाही. पण अडचण सांगायची म्हणजे वर्षातून एकदा वडील इथून जातात हे सांगावं लागलं असतं. मालकांनी ते चारचौघांत हसण्यावारी नेलं असतं, ते वडिलांच्या कानावर गेलं असतं आणि गाडी दुसऱ्या रस्त्यानं गेली असती. मी म्हटलं, "तुमाला ठीक दिसंल तसं करा."

पत्रा बसला. चार हात लांब, रस्त्यावर पसरलेला. खिडकीतून खाली बघितलं की नुसता पत्रा आणि त्याच्यापलीकडे समोरच्या घरांची कौलं.

त्या वर्षी यात्रेच्या दिवसांत घुंगरं वाजली आणि पत्र्याखाली येऊन थांबली. मी जाळीतून बोटं काढली, हात काढला, मनगट सोलून निघालं. वडिलांना काय दिसणार? ते वर बघत असतील, त्यांना पत्रा दिसत असेल. लेक आजारी आहे, की तिलाही आता आपण नकोसे झालोय, असंच त्यांना वाटलं असणार. पत्र्यावर काही आपटावं असं मनात आलं, पण खाली दरवाजात मालकांचा आवाज होता. घुंगरं बराच वेळ गप्प होती. मग गेली. त्या दिवशी मला स्वतःच्या गप्प बसण्याचा जेवढा राग आला, तेवढा पुढे कोणाचाच आला नाही.

माझ्या खिडकीखालचं दुकान चौसाळ्याच्या एका लिंगायत वाण्यानं भाड्यानं घेतलं. कापडाचं दुकान. सगळे त्याला आप्पा म्हणत. दुकान आणि आमचा चौक यांच्यामध्ये फक्त फळ्यांची आडभिंत होती आणि तिला एक छोटं दार. दाराशी गिऱ्हाइकांसाठी पाण्याचा माठ असे. तो आमच्या आडाच्या पाण्यानं आमच्याकडूनच भरला जाई. आमच्या आडाचं पाणी मचूळ. मला त्याची सवय व्हायला वर्ष गेलं होतं. आप्पा स्वतः घरून तांब्या आणत.

पुढच्या साली यात्रेच्या आदल्या दिवशी मी त्या दाराआडून एक नारळ पुढे केला. ज्यांना गडावर जायला जमत नाही, त्यांनी जाणाऱ्याच्या हाती नारळ द्यायचा आणि परतताना त्यानं अर्धी वाटी प्रसाद म्हणून आणून द्यायची, ही आमच्याकडची रीत. म्हटलं, "आप्पा, दिंद्रुडची गाडी जाईल. तिच्यात द्या. देवाचा हाय म्हनावं."

आप्पांनी नारळ गल्ल्याशेजारी ठेवला. देवाचा नारळ वडिलांना नाकारता येईना. आणि घेतला म्हणजे परतताना थांबणं आलं. चार दिवसांनी अर्धी वाटी माझ्या हातात आली. "कुनी दिला, ते विचारलं त्यांनी," आप्पा म्हणाले. "मी म्हनलं, वरच्या खिडकीनं." मी ती वाटी आठ दिवस पुरवून पुरवून खाल्ली.

असे तीन नारळ गेले. चौथ्या साली परतताना गाडी थांबली आणि वडील खाली उतरले. मी धावत आडभिंतीमागे आले.

"हे दुकान कुनाचं?" वडिलांनी विचारलं.

"भाड्याचं हाय, पर माजंच म्हना," आप्पा म्हणाले.

"मग बसाया हरकत न्हाई."

ते माझ्याकडे पाठ करून बसले. फळ्यांच्या फटीतून मला त्यांची मान दिसत होती, वाळलेली, सगळे केस पांढरे झालेले. मधे एक बोटभर फळी. त्यांनी एक हिरवा खण निवडला आणि अर्ध्या वाटीबरोबर बाजूला ठेवला. "ज्याचं त्याला द्या," म्हणाले. आणि जरा थांबून, "पानी मिळंल का?"

त्या दिवशी माठ मी भरला होता. आप्पांनी पेला पुढे केला. वडील पेल्याकडे बघत राहिले. दुकानात पाणी कुठून येणार, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

"कुठलं पानी हे?"

"दुकानातलं," आप्पा म्हणाले.

वडिलांनी पेला रिकामा केला. मग म्हणाले, "आनिक एक द्या."

मी फळीवर हात ठेवून उभी राहिले आणि घुंगरं दूर गेली.

पुढच्या यात्रेच्या आधीच माझा धाकटा भाऊ आला. मोठ्या दरवाजातून आला, डोकं भादरलेलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. मालक खाली मान घालून बाजूला झाले. मी भावाला चौकात बसवलं. माझे डोळे कोरडेच होते, का ते मला कळत नव्हतं.

तो म्हणाला, "अक्का, येक इचारू? मागल्या साली गडावरनं आल्यावर आबा समद्यांना सांगायचे, लेकीच्या घरचं पानी लई गोड हाय. कावून म्हनले असतील? त्या फेट्यापासून तर ते इथं पानी प्याले न्हाईत."

मी उठले, आप्पांच्या माठातून पेला भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मचूळ हाय की," तो म्हणाला.

तेव्हा मला रडू आलं.