परबबाईंचा तास

घाटकोपरला डोंगरावर चढत गेलेल्या वस्तीच्या पायथ्याशी एक मराठी शाळा आहे. दर्शना परब तिथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका म्हणून लागल्या, तेव्हा शाळेला मैदान होतं. लाल मातीचं, एका अंगाला उतरतं, पण मैदान. बाईंचे वडील गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. बाई स्वतः कॉलेजात चारशे मीटर धावायच्या. पोरांना त्या उन्हात उभं करून कवायत घ्यायच्या नाहीत. पळवायच्या, लंगडी घालायला लावायच्या, दोरीच्या उड्या मारत मोठ्याने पाढे म्हणायला लावायच्या.

एकदा गणिताचे सुबोध सर स्वतःहून त्यांच्याकडे आले.

"बाई, 'ड' तुकडीला तुमचा तास माझ्या आधी ठेवता येईल का? तुमच्याकडून येतात तेव्हा माणसासारखी बसतात हो. नाहीतर नुसती बाकं वाजवतात."

वेळापत्रक बदललं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण अर्धं गणित सोडून उठणारी मुलं ते पुरं करून उठू लागली. समीक्षा सावंत त्यातलीच. पाचवीत तिला सातचा पाढा येत नव्हता. दोरीवर तो तिच्या तोंडी बसला, आणि मग ती जिन्यातून जातानाही उड्या मारत तेच म्हणत सुटायची.

पुढे संस्थेवर नवी मंडळी आली. मैदानावर इंग्रजी माध्यमाची इमारत उभी राहिली. उरलेल्या पट्टीत गाड्या लागू लागल्या. बाईंचा तास वेळापत्रकात छापलेला असायचा, पण प्रत्यक्षात कधी गणिताला, कधी विज्ञानाला जायचा. सर्वांत आधी तो मागितला सुबोध सरांनीच.

"दहावीचा निकाल लागला नाही तर शाळाच राहणार नाही, बाई. तुमचं खेळाचं नंतर बघू."

बाईंनी गच्चीची किल्ली मागितली. मिळाली नाही. व्हरांड्यात मुलांना वाकवलं, वळवलं, तर शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार आली. समीक्षा नववीत गेली तेव्हा अंगाने सुटली होती. जिना चढताना मध्येच थांबायची. दुपारच्या तासाला डोकं बाकावर टेकायची. शिक्षकांच्या खोलीत तिला 'झोपाळू' म्हणायचे.

मग संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला. चेअरमननी ठरवलं, विद्यार्थ्यांची 'आरोग्य दौड' काढायची. पाहुणे येणार, फोटो येणार. प्रत्येक वर्गाने मुलं द्यायची.

दर्शनाबाई मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेल्या. सुबोध सर तिथेच बसले होते.

"सर, ही मुलं कित्येक वर्षं धावलेलीच नाहीत. आधी दोन महिने सराव घेऊ द्या. डॉक्टरांकडून तपासून घेऊ."

"अहो, तीन किलोमीटर तर आहे!" मुख्याध्यापक म्हणाले. "वस्तीतली पोरं काटक असतात."

"कुठे काटक? जिना चढवत नाही त्यांना. निदान चालायची तरी ठेवा."

"बघू," मुख्याध्यापक म्हणाले, आणि फोन उचलला.

त्या 'बघू'वर बाई बाहेर आल्या.

दौडीच्या दिवशी पाहुण्यांना उशीर झाला. मार्चचं ऊन चढत गेलं. मुलं नवे टी-शर्ट घालून रस्त्यावर ताटकळत उभी होती. बाई ओळीतून फिरून सगळ्यांना सांगत होत्या, "पळू नका, चाला. दम लागला की बसा." समीक्षा हसून म्हणाली, "बाई, मला पळायचंय. किती दिवसांनी!"

"हळू हं, समी."

झेंडा पडला, बँड वाजला आणि सगळी मुलं एकदम सुटली. बाजूने जाणारी माणसं टाळ्या वाजवत होती. चालणार कोण?

मार्केटच्या वळणावर समीक्षा पडली. आधी मुलांना वाटलं पाय अडखळला. बाई मागून धावत आल्या, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. बाईंनी तिची छाती दाबायला सुरुवात केली, आणि हात भरून आले तरी थांबल्या नाहीत. रुग्णवाहिका पाहुण्यांच्या गाड्यांमागे अडकली. शेवटी तिला रिक्षातून नेलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. हृदयात जन्मापासून दोष होता, असं नंतर कळलं. मुलीला धाप लागते हे कोणीतरी वेळेत मनावर घेतलं असतं तर उपचार होता, असंही डॉक्टर म्हणाले.

चौकशी झाली. बाई म्हणाल्या, मी विरोध केला होता. मुख्याध्यापक म्हणाले, असं काही बोलणं झालं नाही. सुबोध सरांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. "मला नीट आठवत नाही."

शारीरिक शिक्षण शिक्षिकेचा हलगर्जीपणा, असा निष्कर्ष निघाला. बाईंना निलंबित केलं. सुबोध सर घरी आले. "रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेत माझे, बाई," एवढंच बोलले. बाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा विचारला नाही.

समीक्षाच्या घरी बाई एकट्याच गेल्या. तिची आई, वनमाला, भिंतीला टेकून बसली होती. बाईंनी केबिनमधलं सगळं सांगितलं, आपण काय म्हणालो, ते काय म्हणाले.

वनमालाने ऐकून घेतलं. मग गावच्या बोलीत, आवाज न चढवता म्हणाली, "तुमका ठावक होता. मगे तुमी पोरांका रस्त्यावर नेलात कित्याक?"

नोकरी गेली असती, हे त्या घरात म्हणण्यासारखं नव्हतं. त्या उठल्या. वनमालाने दारापर्यंत येऊन कडी लावून घेतली.

वर्षाने निलंबन उठलं. दरम्यान संस्थेने जबाबदारी नको म्हणून शाळेतले सगळे खेळ बंद केले होते. शारीरिक शिक्षण राहिलं ते लेखी. बाईंचा तास आता पहिल्यांदाच कोणी मागत नाही. त्या वर्गात येतात, खिडकी उघडतात आणि मुलांना प्रश्नोत्तरं लिहून देतात.

परवा सहावीला त्या लांब उडीबद्दल सांगत होत्या. धाव, उसळी, उड्डाण, उतरणं. पहिल्या बाकावरच्या श्रुतिकाने हात वर केला.

"बाई, हे समजून लिहायचं की पाठ करायचं?"

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. मुलं पेनं उघडून वाट बघत होती, काही जण हनुवटीखाली हात धरून पेंगत होते.

"पाठ कर," त्या म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न फळ्यावर लिहायला वळल्या.