जुन्या मशीनमधली अक्षरं

इस्माईलचाचा सकाळी दुकानात आले की आधी जुन्या कॉम्प्युटरच्या अंगाला हात लावायचे. लहान पोराचा ताप बघावा तसा, उलट्या हाताने. ते मशीन आम्ही रात्रीसुद्धा बंद करत नव्हतो, कारण बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नव्हती. एका बाजूचं झाकण काढलेलं आणि त्यावर टेबलफॅन सोडलेला. हात लावून झाला की चाचा खुर्चीत बसायचे, चपला काढायचे, सुजलेले पाय खालच्या खोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आज जरा ताप हाय. सावकाश घेऊया." ताप मशीनला की त्यांना, हे मी कधी विचारलं नाही.

इथे आखातात, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात आमचं बोर्ड बनवायचं दुकान आहे. कॅफेटेरिया, लाँड्री, सलून, किराणा, सगळ्यांचे बोर्ड. शिवाय पत्रिका आणि बॅनर. मालक केरळचे, चाचा दापोलीकडचे, मी, दिनेश, गुहागरचा. मी आठवीतून शाळा सोडली. इथे आलो तो फिटिंगला, म्हणजे शिडीवर किंवा क्रेनच्या पाळण्यात उभं राहून बोर्ड चढवायचे. दुसऱ्याच उन्हाळ्यात मला वर गेल्यावर चक्कर यायला लागली. मी कोणाला सांगितलं नाही. व्हिसा जाईल, परत पाठवतील, एवढंच डोक्यात.

चाचांनी ते कसं ओळखलं कोण जाणे. एक दिवस मालकांना म्हणाले, "इसको मेरे पास बिठाओ. ऊपर से गिरेगा तो तुम्हारा बोर्ड भी तोड़ेगा." मालक हसले आणि मी खाली आलो. चाचांनी स्टूल सरकवलं, म्हणाले, "बस. माऊस धर. घाबरतंस कशाला, चावत नाय तो."

त्यांच्याकडे शिकणं म्हणजे शेजारी बसून बघणं. ते फार बोलत नसत. अर्धा दिवस झाला की डोळे मिटून मान मागे टाकायचे आणि म्हणायचे, "तू चालू ठेव, मी जागा हाय." खरंच जागे असायचे. मी एखादं अक्षर वाकडं ठेवलं की डोळे न उघडता विचारायचे, "काय झालं? क्लिक थांबलं तुझं."

एकदा सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या एक मॅडम मुलाच्या वाढदिवसाचा बॅनर करायला आल्या. मुलगा सात-आठ वर्षांचा. चाचांनी त्याचं नाव मराठीत चार-पाच तऱ्हांच्या अक्षरांत काढून दाखवलं. मुलगा म्हणाला, "मम्मा, व्हिच वन इज नॉर्मल?" मॅडम ओशाळल्या. चाचा शांतपणे म्हणाले, "सगळी नॉर्मल, बेटा. तुला आवडेल ती तुझी." पोराने सगळ्यात जाड, बुटकं अक्षर निवडलं. तो गेल्यावर चाचा मला म्हणाले, "बघ, पैलवान निघाला."

मग नवीन कॉम्प्युटर आला. काळा, पातळ, आवाज नसलेला. मालकांनी सांगितलं, "पुराना सब इसमें डालो, फिर वो कबाड़ा खलास." ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या फाईलमधलं मराठी, हिंदी, गुजराती हे सगळं त्या त्या फॉन्टवर उभं होतं. तो फॉन्ट नवीन मशीनमध्ये नसेल तर फाईल उघडते, पण नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. आणि सगळे फॉन्ट एकदम उचलून टाकावेत तर तेही जमत नाही. एकाच नावाचे दोन-दोन फॉन्ट होते, एक मुंबईहून सीडीवर आलेला, दुसरा शारजाच्या कुठल्या प्रेसमधून आणलेला. दुसरा टाकला की पहिला पुसला जायचा. कुठलं काम कुठल्यावर केलंय, हे फक्त चाचांना माहीत.

त्याच आठवड्यात मालक काउंटरवर चहा पिताना चाचांना म्हणाले, "इस्माईलभाई, आपका साठ हो गया, लेकिन छह महीना और रुको. नया मशीन बिठा दो. व्हिसा मैं देख लेता हूँ. दिनेश को फिर फिटिंग में भेजता हूँ, उधर आदमी कम है."

चाचा म्हणाले, "इन्शाल्ला."

मी कटिंग मशीनच्या मागे स्टिकर सोलत होतो. हात तसाच थांबला. खुर्ची एकच होती. चाचा राहिले तर मी परत पाळण्यात. चाचा गेले तरी माझी खात्री नाही, कारण मालक बाहेरून कोणालाही आणू शकत होते. चाचा राहू नयेत असं मला वाटतंय की काय, या विचाराची मला भीती वाटली. संध्याकाळी त्यांना चहा दिला तेव्हा माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "उद्यापासून फॉन्ट हलवायचे. तू हलवायचे. मी बघणार."

आम्ही रोज थोडे थोडे हलवले. एक फॉन्ट टाकायचा, त्यावरची जुनी कामं उघडून बघायची, मग पुढचा. मालक येता-जाता म्हणायचे, "ऐसा सेट करो कि कोई भी बैठे तो चल जाए." चाचा मान डोलवायचे, "इन्शाल्ला." मालकांची पाठ वळली की मला म्हणायचे, "कोणीही बसलं तर चाललं पाहिजे, म्हणजे कोणीही बसणार. ऐकतंस ना?"

मी घाबरट माणूस. मी म्हटलं, "चाचा, कुठलं काम कुठल्या फॉन्टवर, मोबाईलमध्ये टाइप करून ठेवतो. विसरलो तर?"

"ठेव की," चाचा म्हणाले. "मग मालक म्हणतील, मोबाईलमधलं पाठव. पाठवलंस की तू मोकळा. क्रेन उभीच हाय."

"आणि नाही आठवलं तर?"

"आठवेल. तुझ्या डोक्यात दुसरं हाय काय? भीती तेवढी हाय, ती जरा बाजूला सरकव."

दुकान सुटल्यावर आम्ही रूमकडे चालत जायचो. चाचांचे पाय दुखायचे, म्हणून मध्येमध्ये थांबायचे. थांबले की समोरच्या बोर्डाकडे हनुवटी करायचे. "हे कुठलं?" मी सांगायचो, मुंबईवाला जाड. "आणि त्या टेलरचं?" शारजावाला. "वेलांटी बघ, कोयतीसारखी हाय. ती दिसली की शारजा." शुक्रवारी सुट्टीला त्यांनी मला बसने इंटरनॅशनल सिटीत नेलं आणि तिथेही तेच. माणसं बिर्याणी खायला जातात, आम्ही बोर्ड वाचत फिरलो. परत येताना बसमध्ये चाचा खिडकीला डोकं टेकून बसले होते. मी विचारलं, "तुम्ही सहा महिने राहणार ना?" ते म्हणाले, "स्टॉप आला की उठव."

मग तो दिवस आला. एका किराणा दुकानाचा जुना बोर्ड होता, वर अरबी-इंग्रजी आणि खाली मराठीत नाव. त्यांना फोन नंबर बदलून त्याच दिवशी हवा होता. ग्राहक काउंटरला उभा, मालक चाचांच्या मागे उभे. चाचा नवीन मशीनवर बसले. फाईल उघडली आणि मराठी नावाच्या जागी कचरा आला. चाचांनी काहीतरी दाबलं, पुन्हा कचरा. चष्मा काढला, पुसला, परत घातला. ग्राहक म्हणाला, "यल्ला भाई, जल्दी, गाडी चालू है." मालकांनी विचारलं, "क्या हुआ, इस्माईलभाई?"

"ये नया मेरे से नहीं होता, बॉस," चाचा म्हणाले. "याद भी नहीं रहता अब. दिनेश को बोलो."

सकाळीच, मालक यायच्या आधी, तीच फाईल चाचांनी याच मशीनवर मला चहाचा घोट घेता घेता नीट उघडून दाखवली होती, फक्त फॉन्ट कुठला ते सांगितलं नव्हतं.

ते खुर्चीतून उठले. मी बसलो. तळहात इतके ओले की माऊस सरकेना. मुंबईवाला टाकला, कचरा तसाच. मालक माझ्या मानेवर श्वास सोडत होते. चाचा बाजूला भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते. मग मला रस्त्यावरचा याच दुकानाचा बोर्ड आठवला, आणि त्यावरची ती कोयतीसारखी वेलांटी. शारजावाला टाकला. नाव आलं. नंबर बदलला.

मालकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मग चाचांकडे बघितलं, आजारी माणसाकडे बघतात तसं. "ठीक है इस्माईलभाई. आप अब घर जाके आराम करो."

"जी," चाचा म्हणाले.

दुपारी आम्ही डबे उघडले. मी म्हटलं, "चाचा, तुम्हाला येत होतं."

"जेव."

"माझ्यासाठी केलंत?"

"तुझ्यासाठी कशाला, मेल्या? थकलो मी. सहा महिने अजून कोण बसणार हितं? मला घरी जायचं हाय, समुद्राला पाय लावून बसायचं हाय." त्यांनी माझ्या डब्यात बोंबिलाचं कालवण ओतलं. "नसतं डोक्यात घेऊन फिरू नको."

मी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं, कारण ते खरोखरच थकलेले दिसायचे. त्यांना सोडायला एअरपोर्टला कंपनीची गाडी गेली, मीही गेलो. त्यांनी मला मिठी वगैरे मारली नाही. ट्रॉली ढकलत म्हणाले, "पाणी पीत जा. एसीत तहान कळत नाय."

खुर्ची मला मिळाली. आजही मी तिथेच बसतो. चाचांना दर ईदला फोन करायचो. गावची माणसं, मासळी, पायांची सूज, एवढंच बोलायचे. या वर्षी ईदच्या आधीच त्यांच्या नंबरवरून फोन आला. त्यांचा मुलगा होता. म्हणाला, अब्बा परवा गेले, झोपेतच, तुमचं नाव फोनमध्ये वर होतं म्हणून तुम्हाला कळवलं.

मग तो बोलत राहिला, थकलेल्या आवाजात, तक्रार न करता. घराचं काम अर्धं राहिलं म्हणाला. वरच्या मजल्याला खिडक्या बसवायच्या राहिल्या, अजून प्लास्टिक लावलंय. "अब्बांना अजून सहा महिने तरी तिथं राहायचं होतं. शेवटपर्यंत बोलायचे. पण मालकांनी ठेवलंच नाय ना त्यांना. तुम्ही तर तिथंच होतात."

समोर स्क्रीनवर कोणाच्या तरी सलूनचा बोर्ड उघडा होता. घरी त्यांनी काय सांगितलं होतं, ते आता मला कळलं होतं. ते खोटं पाडायचा अधिकार मला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "ठेवलं नाही."