फक्कीचं घर

माझ्या खिडकीसमोरच्या रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीनं आखलेलं एक घर आहे. भिंतींच्या जागी पांढऱ्या रेघा आणि दारासाठी सोडलेली मोकळी जागा. दर रविवारी आई, वडील आणि लेक डबा घेऊन येतात, न चुकता त्या दारातूनच आत शिरतात आणि स्वयंपाकघरात बसून जेवतात.

आज गिऱ्हाईक आलं ते सरळ भिंतींतून चालत गेलं. मी उगाचच दचकले. लेकीला परदेशात एम.एस.ला प्रवेश मिळालाय, त्यासाठी प्लॉट विकायचाय.

गिऱ्हाईक गेल्यावर लेक आपल्या खोलीच्या चौकोनात उभी राहून म्हणाली, "आई, मी इथंच एम.एस्सी. करते ना. घर होऊ दे."

"राहिलो की गं इतके रविवार," आई म्हणाली. "आता तुझं तिकडचं बघू."

घर सोडताना सामान हलवावं लागतं. न बांधलेल्या घरातून काय हलवायचं? पडद्यांचा ठरवलेला रंग? खिडकीत येणार होतं ते ऊन?

उन्हं उतरल्यावर तिघं निघाली. आई सगळ्यांत शेवटी बाहेर पडली. त्या मोकळ्या जागेत क्षणभर थांबली, आणि हात मागे नेऊन तिनं दार ओढून घेतलं.