दहाव्याचा शब्द

कोंडीराम एकदाच आमदार झाले, पण महाळुंग्याच्या पंचक्रोशीत त्यांना अजून 'माजी' कुणी म्हणत नाही. आमदारकी मिळाली तीच मुळी दहाव्यांच्या जोरावर. कुणाचाही दहावा असो, कोंडीराम घाटावर हजर. माईक हातात आला की गेलेल्या माणसाचं असं गुणगान करायचे, की घरच्यांनाही तो माणूस नवा वाटावा.

आज मात्र दहावा ज्योतीरामचा होता आणि कोंडीरामांना मान वर करवत नव्हती. निवडणुकीत याच ज्योतीरामने त्यांना आपल्या मोटारसायकलवर गावोगाव फिरवलं होतं. पुढे कंपनी येणार म्हटल्यावर गाव जमिनी द्यायला तयार होईना. तुझ्या पोराला कंपनीत कायम लावतो, असा शब्द कोंडीरामांनी दिला, तेव्हा ज्योतीरामने सगळ्यांत आधी सही केली. मग गावही वळलं. कंपनीने आमदारांच्या शब्दाखातर एक जागा दिली आणि तिथे कोंडीरामांनी आपला पुतण्या अजिंक्य चिकटवला. ज्योतीरामला म्हणाले, पुढच्या भरतीत बघू. पुढची भरती येईतो आमदारकीच गेली. ज्योतीरामचा शेखर आज बापाच्याच जमिनीवर, त्याच कंपनीत, ठेकेदाराकडे राबतोय. ज्योतीरामने कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेच कोंडीरामांना जास्त खात होतं.

पिंड मांडला. कावळे शेडच्या पत्र्यावर बसले, खाली एकही उतरेना. ज्योतीरामच्या बायकोला, गोजाबाईला, अंतर देणार नाही, असं भावकीने हात जोडून सांगितलं. पोरीचं, तनुजाचं, लग्न थाटात करू, असं तिचा मामा म्हणाला. कावळे ढिम्म. शेवटी कुणीतरी म्हणालं, शेखरच्या नोकरीचा शब्द आमदारांनी द्यावा.

कोंडीराम हात जोडून पिंडापुढे गेले. या खेपेला ते नाटक नव्हतं.

"आमदार, तुमी नगा शब्द देऊ," गोजाबाई हळूच म्हणाली. "तुमच्या शब्दावर त्ये जल्मभर बसून व्हते. आता तरी जाऊ द्या त्यास्नी."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. कोंडीरामांनी माईककडे पाहिलंही नाही. शेखर ओल्या अंगाने गुरुजींना सांगत होता, ठेकेदार सुट्टी देत नाही, उद्या सकाळच्या शिफ्टला जावं लागेल.

अजिंक्यने गाडीचं दार उघडलं.

"चला काका. मी तेराव्यापर्यंत रजाच टाकलीय."

कोंडीरामांना त्या गाडीत बसवेना. पण बसले.